घरच्या विहिरीचं पाणी

आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास आला आणि मला जाम या गावातलं आमचं घर आठवलं.

तेव्हा मी वर्ध्याला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होते. सरांनी गृहपाठ दिला होता, आपापल्या घरच्या पाण्याचा नमुना आणून तपासायचा. मी आमच्या विहिरीचं पाणी मोठ्या ऐटीत नेलं. नितळ आणि गोड, अख्खी गल्ली तेच प्यायची. पण प्रयोगशाळेत उबेत ठेवलेल्या माझ्या सगळ्या नळ्यांत बुडबुडे आले, म्हणजे पाण्यात जंतू असल्याची खूण. पुढची तपासणीही तशीच निघाली. सर हळूच म्हणाले, "या पाण्यात मैला उतरतोय."

मिळेल ती एसटी धरून मी घर गाठलं. वहिनी ओसरीत बसून बाळाला चमच्यानं पाणी पाजत होती.

"वहिनी, थांब! ते पाणी देऊ नको त्याले!"

"काऊन? काय झालं?"

"आपल्या विहिरीत संडासाचं पाणी झिरपून राह्यलं."

वाटी तिच्या हातातून सुटली. ती म्हणाली, "मंग आपली छकुली? तिले याच्यानंच झालतं का?"

छकुली तिची पहिली मुलगी. आदल्या पावसाळ्यात हगवणीनं गेली होती. नजर लागली, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी वहिनीची समजूत घातली होती.

मी खाली पडलेली वाटी उचलली आणि चुलीवर पाणी उकळायला ठेवलं.

त्या दिवसापासून घरात पाणी उकळून पिऊ लागलो, विहिरीत ब्लीचिंग पावडर पडू लागली, बाळ धडधाकट वाढलं. आता मलाही मूल आहे. पाण्याचा धक्का केव्हाच ओसरला, वहिनीचा तो प्रश्न मात्र अजून अंगावर येतो.