डॉक्टर आला की रचना उभी राहते

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन रचनाला जमाना झाला. वॉर्डातल्या नव्या नर्स तिला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाहीत. पण डॉक्टर आत आला रे आला, की बाई खुर्चीवरून टुणकन उठून उभी! नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये मेट्रनबाईंनी लावलेली सवय ती. डॉक्टरसमोर बसायचं नाही आणि डॉक्टरला उलट बोलायचं नाही. इथले डॉक्टर बिचारे ओशाळायचे, "प्लीज, बसा" म्हणायचे. ही आपली उभीच.

गेल्या वर्षी याच सवयीनं घात केला. अ‍ॅडव्हान्स्ड नर्सिंगच्या ट्रेनिंगचा इंटरव्ह्यू होता. त्यात पलंगावर खोटा पेशंट असतो, खोटा डॉक्टर असतो, खरे फक्त तुम्ही. त्या खोट्या डॉक्टरनं तापानं फणफणलेल्या बाईला घरी पाठवायला सांगितलं, आणि रचना म्हणाली, "येस, डॉक्टर." झालं, संपलं! पॅनेलवाल्यांनी नंतर सांगितलं, "पेशंट खरी असती तर दगावली असती." ते तिला फार लागलं. आता यंदा नाही जमलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं तिनं नवऱ्याला, जगदीशला, बजावून ठेवलं होतं.

लेक सान्वी महिनाभर किचनमध्ये डॉक्टर व्हायची. "आई, उठू नकोस! आणि नो म्हण ना! माझी खोली घाण आहे म्हणून रोज ओरडतेस, तसंच त्याला ओरड."

"तू माझ्या पोटची आहेस. तो डॉक्टर आहे गं," रचना म्हणायची.

इंटरव्ह्यू बर्मिंगहॅमला होता. पलंगावर एक म्हातारी अ‍ॅक्ट्रेस कण्हत पडली होती आणि भिंतीशी पॅनेलचे तिघं वह्या घेऊन बसले होते. रचनानं खुर्ची ओढली, म्हातारीचा हात हातात घेतला, मॉनिटर पाहिला. लघवीचं इन्फेक्शन, श्वास जोरात, ब्लड प्रेशर घसरतंय, बाई मधेच बरळतेय. इन्फेक्शन रक्तात पसरलेलं दिसत होतं.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आला, आणि रचना ताडकन उभी राहिली.

मेले! तिच्या मनात आलं. एकानं वहीत काहीतरी लिहिलं.

"गोळ्या द्या आणि घरी पाठवा. बेड नाहीये," तो घड्याळ बघत म्हणाला.

"येस..." तोंडातून निघालंच होतं. पण म्हातारीनं तिचा हात सोडला नव्हता. ती अ‍ॅक्ट्रेस होती हे रचनाला पक्कं ठाऊक होतं, तरी आता आपण हिला मारणार, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि मग तिला आला संताप, त्या डॉक्टरचा नाही, स्वतःचा.

"नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण थांबली नाही. "हिचं प्रेशर पडतंय, ही भ्रमात बोलतेय. हिला शिरेतून अँटिबायोटिक आत्ता हवं. ही घरी जाणार नाही."

"डॉक्टर मी आहे."

"आहात ना, सर. पण तुम्ही ऐकत नसाल तर मी तुमच्या वरच्या डॉक्टरांना, कन्सल्टंटना फोन लावते."

हे सगळं बाई उभ्यानंच बोलली, अगदी अदबीनं. पॅनेलच्या प्रमुख डॉक्टरीणबाई फक्त "शुक्रवारी फोन करू" म्हणाल्या.

घरी आल्यावर सान्वीनं पहिलं तेच विचारलं, "उठलीस?"

"उठले."

"ओ, आई!" सान्वीनं कपाळावर हात मारला. नाही म्हणाले खरं, पण ते उभं राहणं नडणार, असंच रचनाला वाटत होतं.

शुक्रवारी तिघं जेवायला बसली होती. रचनाचा फोन वाजला. नंबर पाहून ती उष्ट्या हातानंच ताटावरून उठून उभी राहिली, त्यावरूनच फोन कुणाचा ते दोघांना कळलं. "येस, डॉक्टर," ती म्हणाली. फोन ठेवला तेव्हा डोळे वाहत होते.

"घेतलं मला," ती म्हणाली. "घेतलं गं!"

"आई, मग बस ना आता!"

"नाही बसत, जा."