जीपमधून उतरलेले साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका सरळ माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची बायकोही माझ्या मेहुणीइतकीच वैतागलेली असणार. राजूरच्या शाळेत ते गणित शिकवायचे. बाजारात चुकून मेथीची जुडी जास्त आली तर ती परत द्यायला घरून पुन्हा जात, तेही लगबगीने, चोरी केल्यासारखे. मधुमेहापायी त्यांच्या आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून त्यांना आणखी एक खोड जडली. भेटलेल्या माणसाचा आपण चेहरा बघतो, साडू पाय बघत. चर्चमध्ये आम्ही डोळे मिटून प्रार्थना करायचो, तेव्हा हे एक डोळा उघडा ठेवून पुढच्या बाकाखालच्या टाचा तपासायचे. माझ्या लग्नात हार घालण्याआधी त्यांनी वाकून माझी बोटं पाहिली. वऱ्हाडाला वाटलं, थोरले साडू धाकट्याच्या पाया पडताहेत!

नव्वदच्या दशकात नगरची एक मधुमेहाचं काम करणारी संस्था दर महिन्याला राजूरला तपासणीची गाडी पाठवायला तयार झाली. औषधांचा खर्च तेवढा गावाने उभा करायचा होता. साडूंनी जाहीर केलं, "मी भंडारदऱ्यापर्यंत पळत जातो, पळत येतो. मॅरेथॉनला जेवढं अंतर कमी पडेल तेवढं बाजारपेठेत फेऱ्या मारून भरून काढतो. तुम्ही वर्गणी द्या." व्यापारी हसले. "पुरं पळून दाखवा गुरुजी, मग देतो." झालं! साडूंनी कॅनव्हासचे बूट आणले आणि पहाटे सराव सुरू केला. आमच्याकडे धडधाकट माणूस विनाकारण पळत नाही, त्यामुळे रस्त्यावरचं घर न् घर विचारायचं, "गुरुजी, कोन गेलं हो?" पहिल्याच आठवड्यात दोघेजण डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यांच्या मागोमाग निघालेसुद्धा.

ठरल्या दिवशी साडू भंडारदऱ्याहून परत फिरले आणि वाटेत एक जीप आडवी आली. "बसा गुरुजी. तुमी उन्हाचं पळायचं आन् आमी गाडीतनं जायाचं, बरं दिसतं व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. साडू नको नको म्हणेपर्यंत आतल्या दोघांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलंही होतं. सवयीने त्यांची नजर खाली गेली. ड्रायव्हरच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं.

"महिना झाला, भरंना," तो म्हणाला. "पर दुखत अजाबात न्हाई, बगा."

साडूंच्या आईची जखमही दुखली नव्हती. म्हणून तर उशीर झाला होता. "गाडी थेट दवाखान्यात घ्या," साडू म्हणाले.

इकडे राजूरच्या वेशीवर आम्ही बँड घेऊन उभे. बँड वाजू लागला, आणि जीपमधून आमचे धावपटू खाली उतरले! "गुरुजी, ह्याला पळनं म्हनत्यात व्हय?" एका व्यापाऱ्याने विचारलं. "नाही. हे धरू नका," साडू शांतपणे म्हणाले. त्यांनी ड्रायव्हरला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या ताब्यात दिलं, त्याचं रक्त तपासायला लावलं आणि मला बरोबर घेऊन दुसऱ्या गाडीने परत निघाले. ज्या वळणावर त्यांना उचललं होतं तिथेच उतरायचं, म्हणे. मी म्हटलं, "अहो, थोडं अलीकडे उतरलात तर कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने दार उघडलं.

ते पळत राजूरला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बँडवाले कधीच गेले होते. बाजारपेठेतल्या पहिल्या फेरीला दुकानदार हसले, शेवटच्या फेरीला गल्ले सोडून उठून उभे राहिले. वर्गणी द्यायला मग कुणी खळखळ केली नाही. तपासणीची गाडी दर महिन्याला येऊ लागली, ड्रायव्हरचा पायही वाचला.

पण मला आठवते ती त्या संध्याकाळची ओसरी. साडू धाडकन खाली बसले. आईने त्यांचे बूट ओढून काढले, फोड आलेले पाय मांडीवर घेतले आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"दुखतंय का रं?"

"लई दुखतंय, आई," गणिताचे मास्तर लहान मुलासारखे कळवळले.

म्हातारीचा चेहरा उजळला. "दुखू दे बाबा. दुखतंय त्येच बरं हाय."

ती मायलेकरं आता नाहीत. मला मात्र अजून कधी ठेच लागून कळ मस्तकात गेली, की आधी त्यांची आठवण येते आणि ओरडायचं राहून जातं.