भिंगावरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी आमच्या नेमबाजी क्लबात सुमनताईंवर अन्याय झाला. जिल्ह्याच्या संघातली त्यांची जागा गेली. ती घालवणारा माणूस लबाड नाही, हीच तर पंचाईत आहे.

तो माणूस म्हणजे क्लबाचं एकुलतं पिस्तूल सांभाळणारे आमचे कारकून. शेजारच्या घरातल्यांनाही 'पावणं' म्हणतात. पिस्तूल धोतराच्या सोग्यानं असं टिपतात, जणू न्हाऊ घातलेलं बाळ. यंदा कुणीतरी परदेशातून एक भिंग आणलं. त्यात लाल ठिपका दिसतो. तो निशाणावर आला की चाप ओढायचा. कारकुनांनी ते पिस्तुलावर बसवलं आणि खंडेनवमीच्या पूजेत थेट त्याच्या काचेवर कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी निवड, निकाल देणारेही कारकूनच. ताई ओरडल्या, "अहो, दोन ठिपके दिसतात! कुंकू पुसा."

"देवीचं कुंकू पुसत्यात व्हय?"

"मग भिंग काढा. मी नळीवरच्या लोखंडी माशीनं नेम धरते, आजवर तसाच धरलाय."

"पुजलेलं हत्यार खोलायचं नसतंय, पावणं. दोन हायत न्हवं? त्यातला बरा बघून मारा की!"

ताईंनी मारली. गोळी मागच्या बांधात गेली. कारकुनांनी डोळे पुसत 'नापास' सांगितलं आणि ताईंच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा."

ही निवड पुन्हा झालीच पाहिजे! रविवारी सकाळी क्लबात या. येताना ओला फडका आणा. कुंकू मात्र तुम्हीच पुसा. आमच्यात कुणाचा हात धजत नाही.