आधी तुम्ही बघा, सिद्रामप्पा

संपादकसाहेब, मजकूर पाठवायला फार उशीर झाला, माफ करा. लिहायचो आणि फाडायचो. डॉ. सुमतीबाईंच्या साठीच्या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर लिहिणार. तिथं मैंदर्गीच्या शाळेतून सातवीत बाहेर पडलेल्या माणसानं काय लिहावं?

बाईंची माझी पहिली भेट सोलापुरात त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. मी नळ्या धुणारा शिपाई. पहिल्याच दिवशी हातातली नळी फुटली. बाईंनी आधी माझी बोटं पाहिली, मग काचा.

आवेचे जंतू नळीत वाढवून बाई त्यांच्यावर नवं औषध तपासत. जंतूंच्या थेंबात लाल रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. मेलेला जंतू लाल होतो, जिवंत रंग घेत नाही. पण औषध न घातलेल्या नळीतलेही जंतू एके दिवशी जिवंत, तर दुसऱ्या दिवशी निम्मे मेलेले!

"सिद्रामप्पा, नळ्यांत साबण राहतोय तुमचा," मदतनीस कुलकर्णी म्हणाले.

"धुऊन धुऊन हाताची सालं गेली की ओ साहेब!"

नोकरी जाणार, या धास्तीनं मी त्याच नळ्या पुन्हा धुतल्या.

बाई कुणावरच रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या नळ्यांशेजारी कोऱ्या नळ्या लावल्या, फरक नाही. रंग ताजा केला, तरी तेच. मग त्यांनी विचारलं, "स्लाइड तयार झाल्यावर तुम्ही काय करता?"

"तुमची वाट बघतो, बाई. तुमच्याआधी कसं बघायचं?" कुलकर्णी म्हणाले.

आमची रीतच होती ती. बाईंना वॉर्डातून यायला उशीर झाला, की जंतू रंगात तसेच पडून राहत. बाईंनी एकाच नळीतून दोन स्लाइड केल्या. एक लगेच पाहिली, दुसरी चहा झाल्यावर. दुसरीत सगळे लालेलाल!

बाई खळखळून हसल्या. "अहो, मला मान देता देता जीव घेतलात की त्यांचा!"

लगेच नवी स्लाइड झाली. "आधी तुम्ही बघा, सिद्रामप्पा."

मी भीत भीत डोळा लावला. काचेसारखा स्वच्छ एक जीव अंग पसरत हळूच पुढं सरकत होता. मी धुतलेल्या नळीत वाढलेला! "बाई, जित्ता हाय की हो!" मी ओरडलोच. कुलकर्ण्यांनी मला चहा पाजला.

बाईंना निरोगी शंभरी लाभो, आणि ते हसू असंच राहो. लेख वेळेत पोचला का, तेवढं लगेच कळवा; तोवर माझ्या जिवाला चैन नाही. आणि बाईंनी आधी वाचावा म्हणून लेख तसाच ठेवू नका. आधी तुम्हीच बघा.