जावयापुढे टाकलेले तीन राजे

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली रत्ना झोक्यावरून पाणी प्यायला घरात आली, तेव्हा तिने ते भांडण ऐकलं. ओट्यावर आईबाप एकमेकांवर फणकारत होते.

“तुमना हातमा तीन राजा व्हतात. मंग पानं काबर टाकी दिन्हात?” भिकुबाई विचारत होती.

“जवाई शे तो. आखाजीना दिन त्याले हाराडू का?”

“आज जितू दिधं. मंग बठ्ठा जनम पोर रडी.”

झुलाल आबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ओट्यावरून उतरले. दोंडाईचाच्या मिरची बाजारात ते तोलाई करायचे. पोतं नुसतं हलवून वजन सांगत, पण माणूस तोलायला गेले की काटा चुकायचा. वर्षभर पत्त्याला हात नाही. आखाजीचे दोन दिवस मात्र लिंबाखाली तीन पत्ती. आणि गावाची रीतच तशी होती, की आलेल्या जावयाला डावात हरवायचं नाही. चांगली पानं आली तरी हळूच पालथी टाकायची आणि म्हणायचं, “नशीब तुमचं, जवाईबापू.”

रत्नाच्या नवऱ्याला, गिरधरला, ते खरं वाटलं. आपल्यासारखा खेळणारा खानदेशात नाही, असं समजून तो चाळीसगावात पत्त्यांच्या बैठकीला बसू लागला. चाळीसगावात त्याचा कोणी सासरा नव्हता. आधी रत्नाची पोत गेली, मग कपाट. उरली शिलाई मशीन. तिच्यावर ब्लाऊज शिवून रत्ना घर चालवत होती.

बारा वर्षांनी त्याच लिंबाखाली गिरधर म्हणाला, “रोकड संपली, आबा. मशीन लावतो.”

एकेकाने रीतीप्रमाणे पानं टाकली. उरले सासरा-जावई. आबांनी पानं पाहिली आणि मांडीखाली सरकवली. चांगली पानं आली की ते हेच करत आणि मग हळूच टाकून देत. रत्नाच्या डोक्यात तिडीक गेली. बायका पुरुषांच्या डावाजवळ जात नसत, ती गेली.

“आबा, आज पानं टाकाल तर मी पुढच्या आखाजीला यायची नाही. त्याच्या पुढच्याही नाही.”

गिरधर हसला. “बाईमाणसाचं काय ऐकता, आबा?”

“दाखवा, जवाईबापू.”

गिरधरकडे बदामाची तीन पानं. आबांनी तीन दश्शे मांडले.

“जावयाशी असं वागतात का?”

“नाही वागत. तिथेच चुकलो. मशीन आता माझी. रत्नाकडे ठेवायला दिली. हात लावायचा तर मला विचारायचं.”

गिरधर चपला पायात न घालता, हातात घेऊनच निघून गेला. भिकुबाई दारातून म्हणाली, “बारा वरीस लागनात यासले.” मग चुलीकडे वळली. सांजोऱ्या तळताना झारा आपटत होती.

रत्नाचाही राग उतरला नव्हता. एक डाव जिंकून पोत परत येते का? तिसऱ्या दिवशी दोंडाईचा स्टँडपर्यंत ती आबांशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या पोळ्याला आबा हयात नव्हते. पण तेव्हा ते कोणाला ठाऊक? आबांनी धुळ्याच्या गाडीत खिडकीजवळ रुमाल टाकून जागा धरली. आंब्यांची पिशवी सीटखाली, सांजोऱ्यांचा डबा तिच्या मांडीवर. कंडक्टरला दरवर्षीसारखं बजावलं, “पोरीला धुळ्याला चाळीसगावच्या गाडीजवळ उतरवा, भाऊ.” मग खाली उतरून, गाडी निघेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.