रंगुबाईंच्या गळ्यातला पट्टा

त्रेसष्टाव्या वर्षी बाईनं नातवंडं खेळवावीत, नाहीतर सुनेच्या चहाड्या कराव्यात. मांडवगण फराट्याच्या रंगुबाईंनी बूट घेतले! नवरा वारल्यावर त्या एकट्याच चालत सुटल्या. आधी पाच किलोमीटर, मग पंधरा. आता भीमा ओलांडून वरवंड गाठायचं, एवढंच डोक्यात.

धाकटे दीर जालिंदर यांना ते झोंबलं. सोसायटीचे संचालक ना! पारावर कुणी "वहिनी कुठवर गेल्या?" विचारलं की यांचं पित्त खवळायचं. त्यांनी बूट चुलीत घातले. बाईंनी दुसरे आणले. मग जालिंदररावांनी बाईंचीच काठी बाईंच्या पाठीवर मोडली. वळ काळेनिळे पडले, तरी पाचव्या दिवशी बाई उजाडताच वाटेला लागल्या.

दोन्ही अंगांना ऊस. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून खुरपायला जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचा चामडी पट्टा बांधतात. रंगुबाईंनीही बांधला होता, वरून पदर. भावजींना हे कसं ठाऊक असणार? उसात कधी पाय ठेवला तर ना!

मागून मोटारसायकल आली.

"वहिनी, मागं फिरा. वरवंडात कोण हाय तुमचं?"

"कुणी न्हाई. म्हणून तर चाललीय."

"तुला सरळ सांगून कळंना व्हय!" जालिंदररावांनी एकेरीवर येत पदरासकट मानगूट आवळली.

बोकड कापताना ओरडतो तसे ते ओरडले. खिळे तळव्यात घुसले होते. बाईंना पाठीवरचे वळ आठवले. त्यांनी मान अशी हिसडली, की तळवा अंगठ्यापर्यंत फाटला. रक्त सदऱ्यावर, मोटारसायकलवर, धुळीत. दीर गुडघ्यावर आले.

बाईंनी पदराची पट्टी फाडून हात करकचून बांधला.

"बिबट्या म्हणून सांगा, भावजी. म्या न्हाई बोलायची. पण परत बूट जळालं, तर पारावर बसून सांगीन."

दुपारी वरवंडला चहावाल्यानं पट्ट्यावरचं रक्त पाहिलं.

"आजी, बिबट्या?"

"व्हय. पळपुटा निघाला."

जालिंदररावांच्या उसात पिंजरा लागला, आत शेळी. वनरक्षक जखम न्याहाळत म्हणाला, "दात लई ओळीत हायेत ह्याचे." मालनबाई, म्हणजे जालिंदररावांचीच बायको, पदर तोंडाला लावून आत पळाली.

परवा रंगुबाई वढूच्या वाटेला निघाल्या. ओट्यावर बूट बांधत होत्या. जालिंदरराव डाव्या हातानं चहा पीत होते. वाटेत त्यांचे पाय होते. त्यांनी ते आखडून घेतले.