कुस्त्यांचा माइक

माले गावातल्या गिरणीवाल्याकडे मी दर आठवड्याला दळण नेतो. माणूस फार कमी बोलतो. पीठ चिमटीत धरून "बारीक?" एवढंच विचारतो. चैत्रातल्या जत्रेत मात्र कुस्त्यांचा माइक त्याच्याच हातात असतो.

यंदा चांद्याहून एक मुलगी लढायला आली. तिच्या जोडीला दुसरी मुलगी मिळेना. कमिटीतले म्हणाले, "नारळ देऊन पाठवा तिला."

"पोरगी नारळासाठी आली न्हाई," तो माइकवरच म्हणाला आणि तिच्याच वजनाच्या आपल्या मुलाला त्यानं आखाड्यात उतरवलं.

मुलीनं त्याला चितपट केलं. गिरणीवाल्यानं तिचं नाव-गाव दोनदा पुकारलं. मुलगा मान खाली घालून बापाजवळ आला, तेव्हा त्यानं माइक बंद केला.

"चांगला लढलास. जा, तिला पानी नेऊन दे."